अलंकार आणि खरेपणा

कलेंतील टापटीप पाहिली, कीं कांहीं रसिकांच्या मनांत प्रथम संशयच उत्पन्न होतो. ज्याचें अंतःकरण खरोखर विदीर्ण झालें आहे त्याला तंबोरा जुळवीत बसण्याची शुद्ध कोठून असणार, असें ते विचारतात. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु त्याची परीक्षा एखाद्या प्रत्यक्ष कृतीवरच झाली पाहिजे. त्यासाठीं आम्ही ‘एबीसी’ या इंग्रज वाद्यवृंदाची १९८२ सालीं निघालेली ‘द लेक्सिकन ऑफ लव्ह’ ही ध्वनिमुद्रिका निवडतों.

१९७६-७७ च्या सुमारास पंक संगीतानें जें ओबडधोबड तेंच प्रामाणिक, असा दंडक इंग्लंडांत घालून दिला होता. पुढें न्यू वेव्ह म्हणून जो प्रवाह निघाला, त्यांतील बरेच लोक याच मुशींतून आलेले. मार्टिन फ्राय व त्याचे साथीदार शेफील्डचे, म्हणजे पोलादाच्या गांवचे. आरंभीं यंत्रांच्या रुक्ष ध्वनींतच तेथील ही मंडळी रमली होती. त्यांनीं सोनेरी झगझगीत पोषाखाची वाट धरली, ट्रेव्हर हॉर्न या निर्मात्याच्या हातीं आपलीं गाणीं सोपविलीं, आणि ॲन डडलीच्या तंतुवाद्यरचनेनें तीं नटविलीं. ‘टिअर्स आर नॉट इनफ’ हें गाणें १९८१ सालीं एकदां निघालें होतें; तेंहि पुन्हां नव्यानें ध्वनिमुद्रित केलें. अश्रु पुरेसे नाहींत असें म्हणणारें गाणें दोनदां घासून-पुसून गायिलें जावें, यांत आम्हांस ढोंग दिसत नाहीं. त्या नांवाचा अर्थच तो आहे.

मुखपृष्ठावर तर उघड नाटकच मांडलेलें आहे: नायकाच्या हातीं पिस्तूल, जवळ मूर्च्छित सुंदरी, मागें रंगभूमीचा पडदा. पाठीमागच्या पृष्ठावर पडद्याआडचे कामगार दिसतात, आणि ते म्हणजे याच वृंदांतील इतर मंडळी! फसविणारा मनुष्य रंगपटाचें दार असें उघडें टाकीत नाहीं.

घरांत आपत्ति आली असतांहि दारीं आलेल्याचें नीट आतिथ्य करणारीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. त्यांचें दुःख खोटें, असें कोणी म्हणेल काय? दुःखितानें विस्कटलेलेंच दिसावें, ही मागणी आम्हांस निर्दय वाटते. शिवाय ‘लेक्सिकन’ म्हणजे कोश. आणि कोशांतले शब्द कोणा एकाच्या मालकीचे नसतात. भट्टनायकानें ज्याला साधारणीकरण म्हटलें, तें खाजगी हुंदक्यानें होत नसतें.

गुळगुळीतपणाच्या आड कांहींच नसलेल्या मुद्रिकाहि त्या दशकांत ढिगानें निघाल्या, हें खरें. येथें मात्र आड कांहीं आहे. ‘पॉयझन ॲरो’च्या मध्यावर एक स्त्री थंडपणें नकार देते. तो संवाद इतका नाटकी, कीं प्रथम हसूं येतें. पण नकार ऐकणाऱ्याला तो बहुधा असाच ऐकूं येत असावा. ‘द लुक ऑफ लव्ह’मध्यें गायक मध्येंच स्वतःचें नांव उच्चारतो. एवढ्या भरजरी वस्त्राचा एक टांका तेथें उसवलेला आहे, आणि आम्ही तरी दर वेळीं त्या टांक्यापाशीं थबकतों.

१९८३ सालीं ‘ब्यूटी स्टॅब’ या पुढल्या मुद्रिकेंत याच मंडळींनीं झगमगाट बाजूस सारून गिटार पुढें केली. साधेपणाची ती हौस गैर नव्हे. परंतु दोन्ही मुद्रिका लागोपाठ ऐकल्या असतां सोनेरी पोषाखांतला फ्रायच आम्हांस अधिक उघडा वाटतो.