विकणाऱ्याने किती सांगावे?



जुन्या मोटारसायकलींना पुन्हा भाव आला आहे. यामाहा आर. एक्स. १०० ही गाडी आपल्या देशात १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली. राजदूत ३५० ऐंशीच्या दशकात निघाली आणि थोड्याच वर्षांत बंद झाली. त्या काळी वेगासाठी नावाजलेल्या या गाड्या आता हौशी लोक शोधून काढतात, इंजिन खोलतात, बोअर-पिस्टन बदलतात, डेंटिंग-पेंटिंग करतात आणि नव्यासारखी चमकणारी गाडी चांगल्या किमतीला विकतात. यात गैर काही नाही. मोडकळीला आलेली वस्तू पुन्हा उभी करणे हे कौतुकाचे काम आहे आणि त्या कष्टाचा मोबदला मागणे हा करणाऱ्याचा हक्क आहे.

प्रश्न त्यापुढचा आहे. समजा, अमरावतीत अशी एक गाडी विकायला निघाली. तिची चेसिस पूर्वी अपघातात तडकली होती. ती वेल्डिंग करून जोडली आणि वरून रंग दिला. जोड आता दिसत नाही. अकोल्याहून एक तरुण ती पाहायला येतो. गाडीभोवती फिरतो, इंजिनाचा आवाज ऐकून खूश होतो. चेसिसबद्दल काही विचारत नाही. इकडे विकणाऱ्याला मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे. जोडाची गोष्ट सांगितली तर किंमत निम्म्यावर येईल. अशा वेळी न विचारलेले सांगावे काय?

आपल्याकडे याचे उत्तर तयार असते : “घेनाऱ्यानं पाहून घ्यावं, आपल्याले काय?” हे उत्तर फार जुने आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांविषयी ग्रंथ लिहिला. त्यात दोष असलेले घर विकणाऱ्याबद्दल दोन तत्त्ववेत्त्यांचा वाद त्याने मांडला आहे. बॅबिलोनच्या डायोजेनीसचे म्हणणे असे की, विकणाऱ्याने बळजबरी केली नाही. ज्याला घर आवडले त्याने ते घेतले. तार्ससचा अँटिपॅटर म्हणतो, हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही वाईट आहे, कारण येथे आपण जाणूनबुजून दुसऱ्याला चुकीकडे नेतो.

आपल्या कायद्यातही हा पेच दिसतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात १७ व्या कलमाखाली काही उदाहरणे दिली आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो गप्प राहतो. कायद्याच्या मते ही फसवणूक नव्हे. पुढच्याच उदाहरणात घोडा घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तेव्हा मात्र सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. घोडा तोच, दोष तोच, गप्प राहणेही तेच. बदलले ते फक्त नाते.

आम्हांला वाटते, आपला सगळा प्रश्न या दोन उदाहरणांच्या मध्ये उभा आहे. न्यायालय परक्याला परका मानू शकते. पण शेजारी कोणाला म्हणावे, असे प्रभू येशूला विचारले गेले तेव्हा त्याने एका परक्याचीच गोष्ट सांगितली. तो तरुणही कोणाचा तरी मुलगा आहे, एवढे कळायला त्याची ओळख असावी लागत नाही.

मग काय, प्रत्येक ओरखडा मोजून दाखवायचा? तसेही नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर लिहिताना यात रेघ आखली आहे. दोष उघड दिसत असेल, जसे घोड्याला एकच डोळा आहे, आणि किंमतही त्या मानाने कमी लावली असेल, तर तो ओरडून सांगण्याची गरज नाही. दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याला धोका किंवा नुकसान होणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे.

येथेच दुरुस्त केलेल्या गाडीची गोष्ट वेगळी होते. गंजलेली, ठेचलेली गाडी आपले दोष स्वतःच सांगत उभी असते. आपण रंग दिला की तिचे तोंड बंद होते. म्हणून जितकी चमक अधिक, तितकी बोलण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक. “मी कुठे खोटं बोललो?” असे म्हणून सुटता येत नाही, आपल्या वतीने तो रंग बोललेला असतो.

आणि धोका केवळ पुस्तकातला नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग झाले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. अशा रस्त्यावर हाताखालची गाडी सहज वेग घेते. राजदूत ३५० चे ब्रेक तिच्या वेगाला पुरे पडत नाहीत, हे तर तिचे चाहतेच सांगतात. त्यात जोडलेली चेसिस असेल, तर बसणाऱ्याला ते ठाऊक असायलाच हवे.

“ओरिजिनल” या शब्दाचेही तसेच. थेसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या अथेन्सचे लोक बदलत गेले, तेव्हा ते जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्ववेत्ते वाद घालत राहिले. विकणाऱ्याने तो वाद सोडवायला नको. कोणत्या फळ्या बदलल्या, एवढे त्याने सांगावे. इंजिन दुसऱ्या गाडीचे असेल तर तसे बोलावे आणि आर. सी. बुकावर त्याची रीतसर नोंद करून घ्यावी.

खरे सांगून तोटा होणारच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. किंमत उतरेल, कदाचित गिऱ्हाईक उठून जाईल. पण जी रक्कम कमी आली ती आपल्या कष्टाची नव्हती, त्या तरुणाला माहीत नसल्याची होती. मुलीची फी ही खरी अडचण आहे. तिच्यासाठी नातलगांकडे, मित्रांकडे, आपल्या धर्मग्रामाकडे हात पसरण्यात लाज नाही. मात्र जी गाडी आपण आपल्या मुलीला न सांगता कधीच दिली नसती, ती तिच्याच फीसाठी दुसऱ्याच्या मुलाला गप्प राहून देणे, हे कोणत्या बापाच्या मनाला पटेल?

म्हणून गाडी असो, बैलजोडी असो की घर असो, सौदा करण्याआधी मनाला एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू माझी मुलगी घेत असती तर मी तिला काय सांगितले असते? तेवढे समोरच्याला सांगावे. किंमत मग ठरवावी.