उतारावरचा गिअर

मोटार शिकणाऱ्या माणसाला भय वाटते ते चढाचे. चढावर गाडी थांबली की क्लच सोडता सोडता इंजिन बंद पडते, गाडी मागे सरकते आणि मागचा भोंगा वाजवू लागतो. उतार मात्र सुखाचा वाटतो. परंतु मुरब्बी ड्रायव्हर बजावून सांगतो ते उताराविषयीच : ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा.

या साध्या वाक्यात नीतीचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. माणसाला आवरते ते काय ? बाहेरचा धाक, की आतली शिस्त ?

ब्रेक हा धाक. तो हवाच. १८८८ साली बर्था बेंझ ही जर्मन बाई दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला मोटारीने गेली. उतारांवर ब्रेक झिजले, तेव्हा तिने वाटेत जोडे शिवणाऱ्याकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. पण लांबच्या उतारावर सारखा दाबून धरलेला ब्रेक तापतो आणि तापला की त्याची पकड ढिली होते. धाकाचेही तसेच नाही का ?

खालच्या गिअराची रीत निराळी. पाय उचलला की चाकांनाच इंजिन फिरवावे लागते, आणि गाडी आपसूक आवरली जाते. ज्या इंजिनाने वर ओढले, तेच आता मागे धरते. मात्र हा गिअर माथ्यावरच टाकावा लागतो. वेग भरल्यावर तो सहजी पडत नाही. संयमाचा निश्चयही मोहाच्या आधीच करायचा असतो.

आमच्या बीडकडच्या नारायणगडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. गड चढताना मुखी नाम असते. दर्शन झाले, पुण्य पदरी पडले, की परतताना मन हळूच न्यूट्रलमध्ये जाते. चढाला जपणारी माणसे उताराला बिघडतात ती अशी. गरिबीत सरळ राहिलेला संपत्तीत वाहवतो तोही असाच.

कोणी म्हणेल, सणासुदीलासुद्धा गिअरातच राहायचे काय ? न्यूट्रलमध्ये तेवढेच पेट्रोल वाचते ! गंमत अशी की नव्या मोटारींत ते वाचतही नाही. गिअरात पाय उचलला की इंधन तोडले जाते. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला ते जळतच राहते. शिवाय गिअर आनंदाला अडवीत नाही. आवरलेल्या गाडीतूनच दरी निवांत पाहता येते.

रस्त्याच्या नियमांनी, १९८९ च्या आणि २०१७ च्याही, एक सुंदर गोष्ट सांगितली आहे : अरुंद घाटात उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. ज्याची वाट सोपी, त्याने कष्टणाऱ्याला वाट द्यावी, हा धर्मच नव्हे काय ? पण वेळेवर थांबण्याचा भरवसा त्याचाच, ज्याची गाडी गिअरात आहे.