समतोल म्हणजे निम्मे-निम्मे नव्हे



वाणगावात पौर्णिमेच्या वंदनेनंतर एका शाळकरी मुलाने प्रश्न विचारला. जॉर्ज लुकास यांच्या 'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या अद्भुत कथेत एक भविष्यवाणी आहे : एक निवडलेला पुरुष येईल आणि विश्वशक्तीचा समतोल साधेल. १९९९ च्या चित्रपटात अनाकिन नावाचा मुलगा सापडतो आणि तोच तो, असे मानले जाते. २००५ च्या चित्रपटात मात्र तोच दुष्टांना मिळतो व आपल्याच गुरुबंधूंचा संहार करतो. मुलाचा हिशेब असा : "आधी चांगले पुष्कळ होते, दुष्ट दोनच. शेवटी मोठे गुरू दोन उरले, दुष्टही दोन. म्हणजे समतोल झाला ना? आणि आपला मध्यम मार्गही असाच ना, थोडे चांगले, थोडे वाईट?"

मंडळी हसली. पण हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. हाच गैरसमज मोठ्यांच्याही मनात असतो.

वाणगावचा शेतकरी मिरची लावतो. त्याच्या वाफ्यात निम्मी मिरची आणि निम्मे तण वाढले, तर समतोल साधला असे तो म्हणेल काय? तो खुरपे घेऊन बसेल. कारण तण हाच वाफ्यातला बिघाड आहे. लुकास यांनीही आपल्या कथेचा अर्थ असाच सांगितला आहे. दुष्ट बाजू हाच असमतोल. ती दूर झाली की समतोल आला. म्हणूनच १९८३ च्या चित्रपटात अनाकिन मुलाला वाचवण्यासाठी दुष्ट सम्राटाचा नाश करतो आणि त्यात स्वतःचा प्राण देतो, तेव्हाच ती भविष्यवाणी पुरी होते. मुलांच्या संहाराने ती पुरी झाली नव्हती.

आता मध्यम मार्ग पाहा. सारनाथ येथे तथागतांनी पाच परिव्राजकांना दोन टोके टाळण्यास सांगितले : एक भोगविलासाचे, दुसरे देहदंडाचे. सत्य आणि असत्य यांच्या मधोमध उभे राहा, असे ते म्हणाले नाहीत. पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना करणाऱ्या सोण भिक्खूला त्यांनी वीणेचा दाखला दिला. तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. हा समतोल प्रयत्नाचा आहे, पापपुण्याचा नव्हे. सम्यक् व्यायाम तर स्पष्टच आहे : न उपजलेले अकुशल उपजू देऊ नका, उपजलेले टाकून द्या, कुशल उपजवा, उपजलेले वाढवा. यात अकुशलासाठी राखीव जागा कोठे आहे?

आणि भविष्यवाणीचे काय? असित मुनीने सिद्धार्थाच्या जन्मी दोन वाटा सांगितल्या : घरी राहिला तर चक्रवर्ती, घर सोडले तर बुद्ध. परंतु 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण कोणते दिले? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला. संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने त्यास विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून घर सोडले. असिताच्या शब्दाने त्याला घराबाहेर काढले नाही; त्याच्या स्वतःच्या निर्णयाने काढले. भाकीत कोणीही करो, पाऊल आपल्यालाच टाकावे लागते. तथागतांनी स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही.

हा प्रश्न केवळ चित्रपटाचा नाही. गावात कोणावर अन्याय होतो, तेव्हा चार शहाणे येऊन सांगतात, "दोघांनीही थोडे थोडे सोडा, समतोल राखा." ज्याचे काही हिरावले गेले, त्याने आणखी काय सोडायचे? अशा समतोलाने अन्यायाला निम्मा हिस्सा कायमचा मिळतो. वैराने वैर शमत नाही, हे खरे. म्हणून द्वेष करू नका. पण द्वेष न करणे म्हणजे अन्यायाला मान्यता देणे नव्हे. अंगुलिमालासही तथागतांनी द्वेषाने जिंकले नाही. पण त्याची हिंसा अर्धी चालू द्या असेही म्हटले नाही. ती पूर्ण थांबली, तेव्हाच तो भिक्खू झाला. पुढे लोकांचे दगडधोंडे अंगावर पडले, तेही त्याने सोसले.

म्हणून मुलांना चित्रपट जरूर पाहू द्या. नंतर त्यांच्याशी बोला. कोणी निवडलेला येऊन आपला तोल सावरील, अशी वाट पाहू नका. रोज संध्याकाळी पंचशील म्हणताना स्वतःला एवढेच विचारा : आज माझ्या वाफ्यातले किती तण मी उपटले?