काय बदलावे?



नोकरीचा वीट आला की ती सोडावी, हा विचार मनात प्रथम येतो. परंतु घरभाडे, मुलांची फी व आईवडिलांचे औषधपाणी ज्या पगारावर चालते, तो उतावळेपणाने टाकण्यापूर्वी नेमके काय बदलावयाचे आहे, हे शास्त्राच्या प्रकाशात पाहावे.

आपण काय करावे, असे जकातदारांनी योहानाला विचारले. त्याने त्यांना जकातनाके सोडावयास सांगितले नाही. ठरल्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले (लूक ३:१२, १३). तेथे धंद्याची रीत बदलावयाची होती. पौल करिंथास गेला तेव्हा गाव बदलले, राहुट्या करण्याचा धंदा तोच राहिला (प्रे. कृत्ये १८:३). लेवीला मात्र प्रभूने नाक्यावरूनच उठविले; त्याचे जीवितकार्यच पालटले.

तुमची गरज यांपैकी कोणती? सचोटीने वागू लागल्यास मनाची टोचणी थांबणार असेल, तर रीत सुधारा. कचेरी वा गाव बदलल्याने ओझे उतरणार असेल, तर बदली मागा. दोन्ही होऊनही अंतःकरण दुसऱ्याच कामाकडे ओढ घेत असेल, तर नव्या मार्गाची तयारी करा. विल्यम कॅरी इंग्लंडमध्ये जोडे शिवत असतानाच लॅटिन, ग्रीक व हिब्रू शिकले. १७९३ साली ते भारतात आले, तेव्हा ती विद्या त्यांच्या जवळ होती.

तेव्हा राजीनामा लिहिण्याआधी गुडघे टेका, आणि घरच्यांनाही त्या प्रार्थनेत सोबत घ्या.