आधी विचारपूस

स्वतंत्रपणे वेबसाइट बनवणारे अनेकजण सकाळी लॅपटॉप उघडतात ते नवं काम शोधायला. अपवर्कवर अर्ज टाकायचे, लिंक्डइनवर अनोळखी माणसांना मेसेज पाठवायचे आणि वाट पाहायची. हे करावंच लागतं. पण या धावपळीत ज्यांचं काम आपण आधी मनापासून करून दिलं, ती माणसं मागे पडतात. दवाखान्याची साइट झाली, पैसे मिळाले, विषय संपला, असं आपण धरून चालतो.

साइटचा विषय मात्र संपलेला नसतो. दवाखान्याची संध्याकाळची वेळ बदलते, साइटवर जुनीच राहते. चौकशीचा फॉर्म भरला की मेल स्पॅममध्ये जाऊन पडतो. डोमेनची मुदत संपत आलेली असते. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सुरक्षा सर्टिफिकेट तर तीन महिन्यांच्या आत नवं व्हावं लागतं. ते आपोआप होणं कुठे अडलं, तर साइट उघडणाऱ्याला ब्राउझर धोक्याची सूचना दाखवतो. पेशंट परत फिरतो आणि डॉक्टरांना पत्ताच नसतो. अशा वेळी तुमचा फोन गेला, "डॉक्टर, साइटवर वेळ जुनी दिसतेय, बदलून देऊ का?" तर त्यांना किती हायसं वाटेल! या फोनमध्ये काम मागू नये, असं मला ठामपणे वाटतं. मागितलं की विचारपूस उरत नाही.

काम येतं ते पुढे, आणि बरेचदा अनपेक्षित दिशेने. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली एक निबंध प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं की, ही नोकरी कुणाकडून कळली? ओळखीतून कळलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची त्या माणसाशी अधूनमधूनच गाठ पडत असे. सुमारे चौथा हिस्सा तर क्वचितच भेटणाऱ्यांचा होता. कारण साधं आहे. जिवलग मित्रांना बहुतेक आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. थोड्या ओळखीचा माणूस वेगळ्या माणसांत वावरतो. आपला एखादा जुना क्लायंट सीए असेल, तर नवा धंदा कोण सुरू करतंय हे त्याच्या कानावर आधी येतं. व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्या प्रेसवाल्यांचंही तसंच. "साइट कुणाकडून करून घेऊ?" असं त्यांना कुणी विचारलं, की ज्याने आपुलकीने चौकशी केली त्याचंच नाव तोंडी येतं.

रोज पन्नास जणांना गाठायची गरज नाही. बुजऱ्या स्वभावाच्या माणसालाही एक फोन जमतो. आज कामाला बसण्यापूर्वी जुन्या यादीतलं एक नाव निवडा. त्यांची साइट मोबाइलवर उघडा, फॉर्म स्वतः भरून बघा आणि मग त्यांना फोन करा.