वधूपक्ष, वरपक्ष आणि सरकारपक्ष

लग्न म्हटलं की आपल्याकडे दोन पक्ष: मुलीकडचे आणि मुलाकडचे. फौजीच्या लग्नात तिसराही असतो. तो पंगतीला बसत नाही, मानपान मागत नाही, पण अडून बसला तर दोन्हीकडच्यांना पुरून उरतो. एनडीएत जाणाऱ्या मुलाला प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करणार नाही अशी हमी द्यावी लागते. ती मोडली तर घरी बसायचं आणि वर सरकारचा झालेला खर्चही भरून द्यायचा. लष्कराच्या नर्सिंग सेवेतल्या एका लेफ्टनंटला तर केवळ लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये नोकरीवरून कमी केलं गेलं. तो नियम १९९५ मध्ये रद्द झाला, पण तिला सर्वोच्च न्यायालयाकडून साठ लाखांची भरपाई मिळायला २०२४ उजाडलं.

ही झाली देशी लग्नं. जोडीदार परदेशी असेल तर हा तिसरा पक्षच खरा यजमान होतो. तिन्ही दलांत नियम एकच: परदेशी नागरिकाशी लग्न करायचं तर आधी सरकारची परवानगी. अर्ज पलटणीच्या ऑफिसात हेडक्लार्कच्या टेबलावरून निघतो आणि कमांडिंग ऑफिसरचा शेरा घेऊन एकेक पायरी चढत दिल्लीला पोचतो. मुलगी कोण, घरचे काय करतात, ओळख कुठे झाली, याची गुप्तचर खात्याकडून चौकशी होते. ती पुढे भारतीय नागरिकत्व घेणार का, हा प्रश्न निघतोच. परवानगीवाचून लग्न उरकलं तर नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागते.

मुलकी नोकराला एवढा जाच नाही. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत परदेशी व्यक्तीशी लग्न केल्यास सरकारला लगेच कळवा, एवढंच सांगितलंय. परराष्ट्र सेवेचं सोवळं मात्र कडक. तरुण के. आर. नारायणन यांना १९५१ मध्ये ब्रह्मदेशच्या मा टिंट टिंट यांच्याशी लग्न करायचं होतं, तेव्हा पंडित नेहरूंनी खास बाब म्हणून मोकळीक दिली. याच बाई उषा नारायणन म्हणून १९९७ मध्ये राष्ट्रपती भवनात राहायला गेल्या. राष्ट्रपती हे तिन्ही दलांचे सरसेनापती. म्हणजे पाच वर्षं आपल्या सरसेनापतींची पत्नी जन्माने परदेशी होती आणि त्यामुळे देशाचं काही बिघडलं नाही.

परवानगी मिळाली असं धरून चालू. दोघांचे धर्म आणि देश वेगळे असले की सहसा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करतात. त्यासाठी दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग तीस दिवस राहिलेला हवा. नोटीस लागल्यावर आक्षेपांसाठी आणखी तीस दिवस थांबायचं. जवानाची वार्षिक रजा साठ दिवसांची. साताऱ्याचा एखादा मुलगा सीमेवरून सुटीवर आला आणि नवरीही नुकतीच विमानातून उतरली असेल, तर कायद्याचा हिशेब पुरा होईतो त्याची परतीची गाडी फलाटाला लागलेली असते. त्यात नवरीने आपल्या वकिलातीकडून अविवाहित असल्याचा दाखला आणायचा आणि व्हिसाची मुदत सांभाळायची. नागरिकत्वाचं तर विचारूच नका. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला नोंदणीने नागरिकत्व हवं असेल, तर अर्जाआधी साधारण सात वर्षं इथे राहावं लागतं आणि नागरिकत्व मिळताना स्वतःचं जुनं सोडावं लागतं. एकीकडे सरकार ‘तू आमची होणार ना?’ असं विचारतं आणि दुसरीकडे सात वर्षं उंबऱ्यावर उभं करतं.

या सगळ्या खटाटोपामागे एक भीती आहे, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. फौजीच्या डोक्यात नकाशे असतात, पलटणीच्या हालचाली असतात. त्याच्या घरात दुसऱ्या देशाशी नातं असलेलं माणूस आलं तर निष्ठेला फाटा फुटेल, ही ती भीती. ती तपासायला मराठी माणसाइतकं जवळचं उदाहरण दुसऱ्या कुणाकडे नसेल.

इव्ह मादे द मारोस ही मुलगी १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या नशातेल इथे जन्मली. वडील हंगेरियन, आई रशियन. विक्रम खानोलकर हा मराठी तरुण तेव्हा इंग्लंडात सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेत होता. १९२९ मध्ये सुटीत तो बर्फावर घसरायचा खेळ खेळायला आल्प्समध्ये गेला आणि तिथे दोघांची गाठ पडली. ती सोळा वर्षांची. वडिलांचा विरोध होता. त्यांची मुलगी कुठल्या कुठे जाणार होती! तरी ती आली आणि १९३२ मध्ये लखनौला दोघांचं लग्न झालं. इव्हची सावित्रीबाई झाली. मराठी, संस्कृत, हिंदी शिकली, उपनिषदं-पुराणं वाचली, महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. तिच्या इंग्रजीपेक्षा तिचं पुराणांचं ज्ञान पुढे देशाच्या जास्त कामी आलं.

स्वातंत्र्यानंतर शौर्यपदकं नव्याने घडवायची होती. लष्कराचे अ‍ॅडज्युटंट जनरल मेजर जनरल हिरालाल अटल यांनी ते काम सावित्रीबाईंवर सोपवलं. परमवीर चक्र बघायला फार साधं आहे: साडेतीन सेंटिमीटरचं, काशाचं, गोल. मधोमध राजमुद्रा, तिच्या चारी बाजूंना इंद्राची चार वज्रं, मागच्या बाजूला हिंदी-इंग्रजीत नाव आणि दोन कमळं. वर जांभळी फीत. सोनं नाही, चकाकी नाही. वज्र म्हणजे दधीची ऋषींनी देवांसाठी दिलेल्या आपल्या हाडांचं शस्त्र. सर्वोच्च त्यागाला याहून नेमकी खूण कुणा पंडिताला सुचली असती का, मला शंका आहे. पहिलं परमवीर चक्र बडगामच्या लढाईत ३ नोव्हेंबर १९४७ रोजी पडलेल्या मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळालं. त्यांचे धाकटे भाऊ सावित्रीबाईंचे जावई. कारवारकडच्या रामा राघोबा राण्यांच्या छातीवरही सावित्रीबाईंनीच आखलेलं चक्र होतं.

आता हीच सोयरीक आजच्या फायलीत मांडून बघा. जन्म एका देशात, बाप दुसऱ्या देशाचा, आई रशियन, मुलगा अजून शिकतोय, ओळख परदेशी सुटीतली. ही फाइल किती टेबलं फिरली असती! सावित्रीबाई अपवाद होत्या, हे मान्य. पण अपवाद कोण आणि धोका कोण, हे पासपोर्टच्या रंगावरून ओळखता येत नाही, एवढं तरी त्यांच्यावरून कळावं.

राज्यकर्त्यांनी तर अशा लग्नांकडे बहुतेक वेळा सोयीनेच पाहिलंय. पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आपल्या शिपायांना इथल्या बायकांशी लग्नं करायला भरीला घातलं, वर पैसा आणि जमिनी दिल्या. त्या बायका पडलेल्या शहरातल्या. त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालकही १६८७ मध्ये असंच लिहीत होते: मद्रासच्या गोऱ्या शिपायाने देशी बाईशी लग्न केलं आणि मूल झालं, तर बारशाच्या दिवशी आईच्या हातावर एक होन ठेवा. शंभर वर्षांनी वारं फिरलं. देशी आईच्या मुलांना १७९१ मध्ये कंपनीच्या वरच्या नोकऱ्या बंद झाल्या आणि १७९५ मध्ये सैन्यात ढोल, बासरी वाजवण्यापुरते आणि घोड्यांना नाल ठोकण्यापुरतेच ते उरले. ज्या पोरांसाठी होन द्यायचा, त्यांच्या हाती बंदूक द्यायला मात्र भीती. त्यातलाच जेम्स स्किनर, बाप स्कॉटिश आणि आई राजपूत. कंपनीने दार लावल्यावर तो शिंद्यांच्या कवायती फौजेत दाखल झाला आणि तिथे मोठा झाला. पुढे १८०३ मध्ये इंग्रज-मराठे युद्ध पेटलं, तेव्हा शिंद्यांच्या फ्रेंच सेनापतीने इंग्रजी रक्ताचे अधिकारी काढून टाकले आणि स्किनर पुन्हा कंपनीकडे गेला. त्याच्या नावाचं घोडदळ आजही भारतीय सैन्यात आहे. आधी एकाने आईवरून नाकारलं, मग दुसऱ्याने बापावरून. स्किनरची निष्ठा कुठे होती हे तपासायची तसदी दोघांपैकी कुणी घेतली नाही.

विसाव्या शतकात हा खेळ सर्वांत मोठ्या पटावर अमेरिका खेळली. दुसऱ्या महायुद्धात तिचे लाखो शिपाई परदेशी पडून होते आणि तरुण माणसं जे करतात ते त्यांनी केलं. डिसेंबर १९४५ मध्ये खास कायदा करून या सैनिकांच्या बायकामुलांना ठरलेल्या कोट्याबाहेर प्रवेश दिला गेला. २६ जानेवारी १९४६ रोजी साउदॅम्प्टनहून ‘अर्जेंटिना’ बोट निघाली तिच्यात साडेचारशेच्या वर नवऱ्या आणि त्यांची तान्ही पोरं होती. जपानी बायकांना मात्र वंशाच्या अटीमुळे दार बंद. जुलै १९४७ मध्ये ती अट किंचित सैल केली, तीही अशी की लग्न कायद्याआधी झालेलं हवं, नाहीतर तीस दिवसांत उरका. सैनिकाच्या लग्नाला सरकारने काढून दिलेला असा मुहूर्त दुसरीकडे सापडायचा नाही.

याच १९४५ च्या कायद्याच्या भरवशावर एलन नाउफ निघाली. जन्माने जर्मन, हिटलरच्या काळात देश सोडून आधी चेकोस्लोव्हाकिया, मग इंग्लंड. १९४३ ते १९४६ ब्रिटिश हवाई दलात नोकरी केली, मग जर्मनीतल्या अमेरिकी लष्कराच्या कचेरीत. फ्रँकफर्टच्या कमांडिंग जनरलची रीतसर परवानगी घेऊन तिने फेब्रुवारी १९४८ मध्ये एका माजी अमेरिकी सैनिकाशी लग्न केलं. तोही तेव्हा त्याच लष्कराच्या मुलकी नोकरीत होता. १४ ऑगस्टला ती न्यूयॉर्कला उतरली, तर तिला एलिस बेटावर अडकवून ठेवलं. कारण? सुरक्षा. कसली? ते सांगता येत नाही. सुनावणी नाही, आरोपपत्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९५० मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. विरोधात लिहिणाऱ्यांत न्यूरेंबर्गला नाझींवर खटला चालवून आलेले रॉबर्ट जॅक्सन होते. वर्तमानपत्रांनी लावून धरलं, अमेरिकी काँग्रेसमध्ये आवाज उठला, तेव्हा कुठे १९५१ मध्ये सुनावणी झाली. त्यात कळलं की सगळा डोलारा ऐकीव गोष्टींवर उभा होता. नोव्हेंबरमध्ये ती सुटली. सव्वातीन वर्षं गेली.

एलनने सगळं सांगून, विचारून, परवानगी घेऊन केलं होतं. आता न सांगणाऱ्याचं बघा. मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीवर पहाऱ्याला असलेला मरीन सार्जंट क्लेटन लोनट्री एका रशियन तरुणीच्या प्रेमात पडला. ती वकिलातीतच नोकरीला. सोव्हिएत नागरिकांशी असे संबंध ठेवायला मनाई, त्यामुळे वरिष्ठांना सांगायची सोय नाही. सांगता येत नाही अशी गोष्ट ज्याच्याजवळ असते, त्याच्यावर पकड बसवणं केजीबीला अवघड नव्हतं. मुलीचा ‘मामा’ बनून एकजण आला आणि हळूहळू माहिती काढू लागला. १९८६ च्या डिसेंबरात लोनट्रीने स्वतः कबुली दिली, पुढच्या वर्षी तीस वर्षांची शिक्षा झाली, नऊ वर्षांनी तो सुटला. आपल्याकडच्या हनीट्रॅपच्या बातम्या वाचल्या तरी साचा हाच: चोरून चाललेलं बोलणं, बदनामीची धास्ती, मग कागद. गुप्तहेर परवानगीचा अर्ज भरून येत नाही. जो जवान स्वतः होऊन कमांडिंग ऑफिसरसमोर उभा राहतो, मुलीचा पासपोर्ट, पत्ता, घरच्यांची नावं देतो, त्याने ब्लॅकमेलचा दोर स्वतःच कापलेला असतो. नियम त्याला जितका छळेल, तितके पुढचे गप्प बसतील.

पहलगामच्या हल्ल्यानंतर, मे २०२५ मध्ये, केंद्रीय राखीव पोलीस दलाचा एक जवान बडतर्फ झाला. बायको पाकिस्तानी होती. दलाचं म्हणणं, लग्न लपवलं आणि व्हिसा संपल्यावरही तिला ठेवून घेतलं. त्याचं म्हणणं, मी कळवलं होतं. खरं कोण, ते न्यायालय ठरवील. पण वाद कशावर आहे बघा: सांगितलं की नाही, यावर. अर्जाला ठरल्या मुदतीत लेखी उत्तर देण्याची सक्ती असती, तर हा वाद एका आवक क्रमांकाने मिटला असता.

आणि परदेशी माणसाची एवढी धास्ती वाटणाऱ्या या सैन्यातच नेपाळचे नागरिक १९४७ च्या त्रिपक्षीय करारापासून गुरखा पलटणींत आहेत. एनडीएच्या परीक्षेलाही नेपाळी नागरिक बसू शकतो. या गुरख्यांच्या बायका नेपाळच्या, घरं नेपाळात. निवृत्त झाल्यावर भारत सरकार काठमांडू, पोखरा आणि धरानला कचेऱ्या ठेवून त्यांना पेन्शन देतं. त्यांच्या निष्ठेवर कुणी बोट ठेवलेलं नाही. तेव्हा परदेशी नागरिकत्व आणि भारतीय फौज यांचं मुळात जमत नाही, हा दावा आपल्याच सैन्याने खोटा पाडलाय.

म्हणून चौकशी नको असं मी म्हणत नाही. कसून करा. शत्रुराष्ट्राचा संबंध असेल, अर्जदार मोक्याच्या जागी असेल, तर त्याची बदली करा, गोपनीय कामातून काढा, नाइलाज असेल तर नकारही द्या. पण चौकशी त्या माणसाची व्हावी, त्याच्या देशाच्या नावाची नव्हे. उत्तराला मुदत असावी, सहा महिने म्हणा. नकाराचं कारण निदान सशस्त्र दल न्यायाधिकरणासमोर तरी बंद लिफाफ्यात ठेवावं लागावं. प्रौढ माणसाने कुणाशी लग्न करावं हा त्याचा स्वतःचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हादियाच्या खटल्यात सांगितलंय. राज्यघटनेचा तेहेतिसावा अनुच्छेद फौजींच्या हक्कांना मुरड घालायला संसदेला मुभा देतो, हे खरं. पण मुरड म्हणजे अनिश्चित काळ टांगून ठेवणं नव्हे.

तोवर ज्यांच्या घरात असं लग्न घाटतंय त्यांना एवढंच सांगणं: साखरपुड्याआधी अर्ज करा, पोच घ्या, मुलीची कागदपत्रं पूर्ण द्या, एकही नातं झाकू नका, आणि परवानगीचा कागद हाती पडेपर्यंत हॉलला इसार देऊ नका.