दुधाबद्दल बोलण्याआधी

दुधातली भेसळ थांबली नाही तर २०२५ सालापर्यंत ८७ टक्के भारतीयांना कर्करोग होईल, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला आहे. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, लोकलच्या डब्यात ऐकलं आहे, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. त्या संघटनेने असा इशारा कधीच दिलेला नव्हता. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसा खुलासाही केला. पण इशारा जितक्या घरांत पोचला, त्यामानाने खुलासा फारच थोड्या घरांत पोचला. असं का व्हावं, हे मला दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही. मी ग्राहक आहे, शेजारीण आहे, चार माणसं जिला ‘अमुक घेऊ का’ म्हणून विचारतात अशी बाई आहे. म्हणून हा प्रश्न मी स्वतःलाच विचारते.

त्याच काळात, २०१८च्या मे ते ऑक्टोबरमध्ये, या प्राधिकरणाने देशभर दुधाची मोठी पाहणी केली होती. ५० हजारांहून अधिक वस्तीच्या ११०३ शहरांतून सुट्या आणि पिशवीतल्या दुधाचे ६,४३२ नमुने गोळा केले. युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी, जिच्या नुसत्या नावाने आपण धास्तावतो ती भेसळ त्यांतल्या १२ नमुन्यांत निघाली. जवळजवळ ४१ टक्के नमुने गुणवत्तेच्या कुठल्या ना कुठल्या निकषात कमी पडले. कुठे फॅट कमी, कुठे एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरणारे घन घटक कमी. असं दूध प्यायल्याने विषबाधा होणार नाही, पण दिलेल्या पैशांच्या मानाने ते कसदार नाही. आणि ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ हे द्रव्य मर्यादेपेक्षा जास्त होतं.

या शेवटच्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबले. अफ्लाटॉक्सिन दुधात कुणी मिसळत नाही. मका, सरकीची पेंड, शेंगदाण्याची पेंड ओलसर जागी राहिली की तिला बुरशी धरते. ते खाद्य गाईम्हशींच्या पोटात जातं आणि बुरशीचं विष रूप बदलून दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही, डेअरीतल्या पाश्चरीकरणानेही जात नाही. पाहणीत तर ते सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात अधिक आढळलं. म्हणजे ज्या गवळ्याकडे मी संशयाने पाहते, त्याच्या कॅनमध्ये या धोक्याचं मूळ नाही. ते पावसाळ्यात गळणाऱ्या गोदामात आहे, न तपासता विकल्या गेलेल्या पेंडीच्या पोत्यात आहे, आणि ती पेंड उधारीवर घेणाऱ्या, आत काय आहे हे कळायचा काही मार्ग नसलेल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात आहे.

एक पाहणी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे मला कळतं. तो एका वर्षातला, काही महिन्यांतला हिशेब आहे. दिवाळीच्या तोंडावर अन्न व औषध प्रशासनाच्या धाडींत भेसळीचा खवा पकडला जातो, तेही खरंच आहे. भेसळ नाही असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण ८७ टक्क्यांचं खोटं वाक्य मला पाठ आणि पेंडीच्या बुरशीची खरी गोष्ट मी कुणालाच सांगत नाही, हे चालेल का?

मनाशी खरं बोलायचं तर खोट्या वाक्यात एक सोय आहे. त्यात एक दुष्ट माणूस आहे, तो माझ्याहून वेगळा आहे, आणि ते वाक्य पुढे पाठवलं की आपण समाजासाठी काहीतरी केलं असं समाधान लगेच मिळतं. पेंडीच्या गोष्टीत दुष्ट माणूस सापडत नाही. तिथे कोरडी साठवण, खाद्याची तपासणी, दूध संघांची जबाबदारी, त्यासाठी लागणारा पैसा असं सगळं येतं. आणि तो पैसा शेवटी लिटरमागे माझ्याही खिशातून जायचा असतो. म्हणून ती गोष्ट माझ्या तोंडी बसत नाही. चिंता आरोग्याची असते, हे खोटं नाही. पण तिच्यात निर्धास्तपणे दोष देण्याची आवडही मिसळलेली असते, आणि ती मला ओळखता यायला हवी.

अशा आवडीची परिणती किती भयंकर होऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने जिवे मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसं बाजाराच्या दिवशी गावात आली होती. अफवा मोबाइलवरून आधीच घरोघरी पोचली होती. दुधाचा संदेश आणि राईनपाडा यांना मी एका मापाने मोजत नाही, तसं करणं त्या पाच जणांच्या मरणाचा अवमान होईल. पण दोन्हीकडे संदेश पुढे ढकलणाऱ्याच्या मनात ‘मी तर सावधच करतोय’ हीच भावना होती, हे मला नाकारता येत नाही. माझ्या शेजारच्या गवळ्यावर कुणी हात टाकणार नाही. त्याची गिऱ्हाइकं तुटतील, एवढंच. हे ‘एवढंच’ लिहितानाही मला संकोच वाटतो, कारण त्याच्या घरची चूल त्या गिऱ्हाइकांवर पेटते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल एक कलम आहे. जाहिरातीत झळकून वस्तूची शिफारस करणाऱ्या नामवंतालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसंच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. आणि त्याला सुटकेचा मार्ग एकच ठेवला आहे: बोलण्याआधी त्याने दाव्याच्या खरेपणाची योग्य ती खातरजमा केलेली असली पाहिजे. हे कलम वाचताना मला कुणा नट-नटीची आठवण झाली नाही. मैत्रिणीला पाणी शुद्ध करायचं यंत्र सुचवताना, ‘त्या डॉक्टरांकडे नको जाऊस’ म्हणताना, इंटरनेटवर एखाद्या खाणावळीला पाचपैकी एक तारा देताना मी कुठली खातरजमा केलेली असते? मला कायदा विचारायला येणार नाही. म्हणूनच मी स्वतःला विचारलं पाहिजे. मी ती वस्तू स्वतः वापरली का, किती दिवस वापरली, की कुणी सांगितलं म्हणून सांगते आहे? खाणावळीत त्या दिवशी जेवण वाईट होतं की माझा दिवस वाईट होता?

दूध खरोखरच संशयास्पद वाटलं तर काय करायचं, याची वाट अन्नसुरक्षा कायद्याच्या चाळिसाव्या कलमात आहे. सामान्य ग्राहकालाही फी भरून अन्नाचा नमुना सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. नमुना दोषी निघाला तर फी परत मिळते. अट एकच. मी हे तपासायला देणार आहे, असं विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचं. त्याच्यासमोर उभं राहून, डोळ्याला डोळा देऊन.

ती अट मला फार न्याय्य वाटते, आणि माझी परीक्षा तिथेच होते. मोबाइलवरच्या गटात कुजबुज करायला नाव लागत नाही, पुरावा लागत नाही. तक्रारीला दोन्ही लागतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायला पैसे पडत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार ग्राहक आयोगाकडे न्यायला शुल्कही नाही. पण बिल लागतं. बिल न देणं हा २०१९च्या त्याच ग्राहक कायद्याने अनुचित व्यापाराचाच प्रकार ठरवला आहे. आणि दुकानदार ‘बिल हवंय का, मग जीएसटी लागेल’ म्हणाला की ग्राहक म्हणून आपलं काय उत्तर असतं? चार पैसे वाचवण्यासाठी मी पुरावा सोडून देते आणि पुढे पुराव्याशिवाय बोलण्याचा हक्क मागते. दोन्ही एकाच तोंडाने मागता येणार नाही.

आपल्याकडे नावानिशी उभं राहायची परंपरा नव्हती असंही नाही. १९७२च्या सुमारास मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांना साखरेचा, तेलाचा भाव पाठ होता आणि कुठल्या मंत्र्याला जाब विचारायचा तेही ठाऊक होतं. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथे कुटुंबांनी संघ करून एकत्र माल घ्यायचा आणि महिन्याच्या महिन्याला आपल्याच हातांनी वाटून घ्यायचा, अशी पद्धत पडली. धान्य निवडणारा हात आणि त्याबद्दल मत देणारं तोंड एकाच माणसाचं होतं. म्हणून त्या मताला वजन होतं, असं मला वाटतं.

एका गोष्टीचा उलगडा मला अजून झालेला नाही. समजा, शेजारच्या लहान मुलाला दूध पिऊन उलट्या झाल्या, तर अहवाल येईपर्यंत मी गप्प बसायचं का? नाही, गप्प बसणंही चूकच. मग मी एवढंच सांगेन: अमुक तारखेला, अमुक दूध पिऊन मुलाला त्रास झाला, नमुना तपासायला दिला आहे, कारण अजून कळलेलं नाही. ‘भेसळ’ हा शब्द अहवाल हातात आल्याशिवाय लिहिणार नाही. आणि अहवालात दूध निर्दोष निघालं, तर ज्या ज्या लोकांना आधी कळवलं होतं त्या प्रत्येकाला तितक्याच ठळकपणे कळवेन, त्या गवळ्याचं नाव घेऊन. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी जड आहे. ते करायची तयारी नसेल तर पहिला संदेश लिहायला बसू नये, एवढ्यावर सध्या मी आले आहे.